कुरतडल्या पानाची हाक

पहिला किडा लाल झाला तो चौथी कात टाकल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी. कांचनने तो तुतीच्या फांदीवरून उचलला, तळहातावर घेऊन उजेडात धरला आणि रोगट म्हणून चुन्याच्या डब्यात टाकला. एवढ्या मोठ्या रेशमाच्या शेडमध्ये रोज पाच-दहा किडे मरतातच. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या रॅकवर असे साठ निघाले. दुपारी तिने मोजणं सोडून दिलं आणि बहिणीला फोन लावला.

"मयूरे, किडे लाल पडायलेत. विटेसारखे. आणि वास येईना."

"वास येत नाही म्हणजे?"

"मेलेला किडा घाण मारतो. अठरा वर्षं झाली मला यात. हे मेलेत, मऊ पडलेत, पण वासच नाही. तू ये बघ."

मयूरीने लगेच गाडी काढली. जालन्याजवळच्या ज्या जैवकीड संशोधन केंद्रात ती काम करायची, तिथून कांचनचं गाव, डोणवाडी, दीड तासावर. विटेचा रंग आणि वासाचा अभाव या दोन गोष्टी एकत्र कुठे येतात, हे तिला पाठ होतं. ही नोंद तिने स्वतःच्या हाताने शेकडो वेळा केली होती. पण ती हुमणीच्या अळीबद्दल, जमिनीखालच्या. वाटेत ती दोनदा गाडी थांबवून पाणी प्यायली.

शेडमध्ये पाच मजली रॅक होते आणि त्यांवर पसरलेल्या फांद्यांवर लाखभर अळ्या पानं खात होत्या. वाळल्या पाचोळ्यावरून शेळ्यांचा कळप जावा तसा त्या खाण्याचा आवाज चाललेला असतो. आज तो वरच्या मजल्यांवरूनच येत होता. खालचे दोन मजले शांत होते.

"दारं-खिडक्यांचे पडदे ओढ आक्का," मयूरी म्हणाली. "सगळे. दाजी, तो पत्र्याचा झरोकाही बुजवा."

दुपारचे तीन वाजले होते. भागवतदाजींनी झरोक्यात पोतं कोंबलं. तिघं अंधारात उभी राहिली. पहिली पाच मिनिटं काहीच दिसलं नाही. मग डोळे अंधाराला सरावले, आणि खालच्या रॅकवर जागोजागी फिकट, निळसर हिरवा उजेड दिसायला लागला. बोटाएवढ्या अळ्यांचे आकार हळूहळू स्पष्ट झाले.

"काय आहे हे?" दाजींनी विचारलं.

मयूरीने पडदा बाजूला केला. "आपलंच आहे," ती म्हणाली. "भूमित्र."

भूमित्र म्हणजे एक सूत्रकृमी. लांबीला अर्धा मिलिमीटर, डोळ्यांना न दिसणारा. असे कृमी मातीत पूर्वीपासून आहेत आणि किडींना मारून जगतात. तरुण कृमी तोंड मिटून, काही न खाता, साठवलेल्या चरबीवर महिनोन्‌महिने वाट पाहत पडून राहतो. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत. त्याचं सगळं जग वासाचं. जवळपास एखादी अळी श्वास सोडते, त्या श्वासातल्या वायूच्या दिशेने तो सरकतो. पण खरी खबर त्याला झाडाकडून मिळते. हुमणी मूळ कुरतडायला लागली की ते मूळ जखमेतून एक विशिष्ट रसायन सोडतं. ते मातीच्या फटींतून पसरतं आणि कृमी त्या मागावर चालत येतो. अळीच्या तोंडातून किंवा श्वासाच्या छिद्रातून आत शिरतो आणि पोटात बाळगलेले जिवाणू तिच्या रक्तात सोडतो. दोन दिवसांत अळी मरते. ते जिवाणू तिला विटेच्या रंगाची करतात, अंधारात मंद चमकवतात आणि सडू देत नाहीत, कारण ती आता कृमीच्या पिल्लांचं अन्न असते. दोन आठवड्यांनी त्या कातडीतून लाखो नवे कृमी बाहेर पडतात. गर्दी झाली की ते स्वतःही एक रसायन सोडतात. त्याचा अर्थ एवढाच, की इथलं संपलं, पुढे चला.

रासायनिक कीटकनाशकांवर बंदी आली आणि दोन हंगामांत हुमणीने जिल्ह्यातलं आलं मुळासकट खाल्लं. तेव्हा केंद्राने या कृमीला हाताशी धरलं. साधा कृमी आळशी होता. हाक अगदी जवळून आली तरच उठायचा. मयूरी आणि तिचे वरिष्ठ डॉ. शहाणे यांनी चार वर्षं खपून त्याचं नाक तयार केलं. वास ओळखणाऱ्या जनुकाच्या जादा प्रती त्याच्यात बसवल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या फक्त सर्वांत दुरून येणारे, सर्वांत क्षीण हाकेला उठणारे कृमी निवडले. कोरड्या मातीत तो दोन वर्षं झोपू शकत होता. ठिबकच्या नळीतून तो शेतात सोडायचा. पहिल्याच वर्षी हुमणी दिसेनाशी झाली, आणि पुढे तो सात जिल्ह्यांत विकला जाऊ लागला.

चाचणीसाठी डोणवाडी मयूरीनेच सुचवली होती. आई गेली तेव्हा ती सहावीत होती. नुकतंच लग्न झालेल्या कांचनने तिला सासरी आणलं, आणि या शेडमधल्या रेशमावर ती एम.एस्सी.पर्यंत शिकली. गावातल्या आल्याच्या शेतांचं काहीतरी भलं आपल्या हातून व्हावं, असं तिला वाटलं. तेव्हा कांचनने तिला विचारलं होतं, "माझ्या किड्यांना नाही ना काही होणार?" मयूरीने सांगितलं होतं, "ते मातीतले आहेत आक्का, वर येत नाहीत." हे तिने बहिणीची समजूत घालायला म्हटलं नव्हतं. अर्जाच्या कागदावरही तिने हेच लिहिलं होतं. रेशीमकिडा: संपर्काची शक्यता नाही.

पण मूळ आणि पान एकाच झाडाची. जखम झाली की पानही तशीच हाक मारतं. तिच्यातले बरेच घटक तेच असतात, फक्त ती हवेत विरते आणि मातीतल्या साध्या कृमीपर्यंत पोचत नाही. भूमित्रापर्यंत ती पोचली. पंचक्रोशीत जिथे एकाच छपराखाली लाखभर तोंडं अहोरात्र पानं कुरतडत होती, अशी जागा म्हणजे रेशमाचं शेड. शेजारच्या आल्यातून कृमी तुतीच्या ओळींत आले, दवाने ओल्या झालेल्या खोडांवरून वर चढले आणि कापलेल्या फांद्यांबरोबर रॅकवर जाऊन बसले. त्यांना चालावंही फारसं लागलं नाही.

हे सगळं मयूरीने त्या दोघांना शेडच्या दारात उभं राहून सांगितलं. दाजी मधूनमधून मान हलवत होते. कांचन आतल्या रॅककडे बघत होती.

"औषध काय?" तिने विचारलं.

"नाही औषध."

"मग वरचे काढून दुसरीकडं नेते. वरचे चांगले खायलेत."

"आक्का, वरच्यांतले कोणते चांगले ते मलाही सांगता येणार नाही. दोन दिवसांनी कळेल. आणि जे लाल झालेत ते बारा दिवसांनी फुटतील. एकेका किड्यातून लाखांनी बाहेर येतील. गावात अजून चौदा शेडं आहेत."

"म्हणजे काय करायचं?"

"सगळे जाळावे लागतील. आज."

"चार दिवसांनी कोष करणारेत ते," कांचन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. बहिणीला एखादी साधी गोष्ट माहीत नसावी आणि ती सांगावी, तसं तिने ते सांगितलं.

संध्याकाळच्या आत दाजींनी बांधावर खड्डा घेतला. फांद्या किड्यांसकट उचलून टाकायच्या होत्या. वरच्या मजल्यांवरचे किडे उचलतानाही खात होते. कांचनने एकही फांदी दुसऱ्या कुणाला उचलू दिली नाही. शेवटची पाटी रिकामी झाल्यावर ती शेडमध्ये परत गेली आणि रोजच्यासारखं खालून झाडून घ्यायला लागली. मयूरी तिच्या हातातला झाडू घ्यायला गेली, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे. तू दमलीस."

त्याच महिन्यात आणखी नऊ शेडं लाल झाली.

डॉ. शहाणे वाईट माणूस नव्हते. मयूरीने टिपण समोर ठेवलं तेव्हा त्यांनी ते तिच्यासमोरच दोनदा वाचलं आणि चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळले.

"त्यांना परत बोलावता येईल असं काही आपण ठेवलंच नाही," ते म्हणाले.

"ठेवायला हवं होतं सर."

"हो. पण आता काय करू शकतो ते बोल."

मयूरीला एक मार्ग सुचला होता. कृमी हाकेवर चालतात, तर त्यांना खोटी हाक द्यायची. जखमी पानाचं रसायन प्रयोगशाळेत बनवून त्याचे मणी करायचे आणि गावाभोवती चर खणून त्यात पुरायचे. कृमी तिकडे जातील, खायला काही मिळणार नाही, आणि उठलेल्या कृमीची चरबी लवकर संपत असल्याने वाट पाहून मरतील. शहाण्यांनी तिला हवी तेवढी माणसं दिली. तीन आठवड्यांत डोणवाडीला आठ किलोमीटरचा चर पडला. कांचनने नवे किडे आणले. महिना गेला, किड्यांनी कोष केले, पांढरेशुभ्र. कांचनने त्यातला एक मयूरीच्या तळहातावर ठेवला आणि पहिल्यांदा हसली.

पुढच्या खेपेला किडे तिसऱ्या कातीलाच लाल पडले.

मयूरीने शेडमधली माती आणली. काचेच्या दुफाटी नळीत एका टोकाला आपला मणी ठेवला, दुसऱ्या टोकाला कुरतडलेलं तुतीचं पान, आणि मध्ये त्या मातीतले शंभर कृमी सोडले. पूर्वी ते निम्मे-निम्मे वाटले जायचे. आता सत्त्याण्णव पानाकडे गेले. तिने नळी धुऊन पुन्हा शंभर सोडले. या वेळी अठ्ठ्याण्णव.

तिला कळायला वेळ लागला नाही. जे खोट्या हाकेला भुलले, ते चरात उपाशी मेले. ज्या थोड्यांना खऱ्या-खोट्यातला फरक जाणवला, ते शेडपर्यंत पोचले, आणि पिल्लं त्यांचीच झाली. त्यांची पिढी दोन आठवड्यांची असते. चार वर्षांत तिने जे केलं नव्हतं, ते या चराने एका हंगामात केलं. पुढचा कुठलाही उपाय त्यांना आणखी तरबेज करणार होता.

मुंबईहून सरकारची समिती आली. पाच जणांनी मयूरीचं म्हणणं पाऊण तास शांतपणे ऐकून घेतलं, प्रश्न विचारले, आणि तिचं निरीक्षण बरोबर असल्याचं इतिवृत्तात लिहिलं. मग त्यांनी दुसरा तक्ता काढला. आलं, हळद, भुईमूग, ऊस. भूमित्र वापरणारी सात जिल्ह्यांतली लाखो एकर जमीन. त्यासमोर रेशमाची अकराशे शेडं. त्या सातही जिल्ह्यांत रेशीमकिडे आणायला आणि बाहेर न्यायला बंदी घालावी, शेडवाल्यांना दुसऱ्या पिकाकडे वळवावं आणि भूमित्र चालू ठेवावा, असं ठरलं.

"तुम्ही माझ्या जागी असता तर काय ठरवलं असतं?" बाहेर पडताना समितीच्या अध्यक्ष बाईंनी तिला विचारलं. ते खोचून विचारलेलं नव्हतं. भूमित्र बंद केला असता तरी जमिनीतला भूमित्र बंद होणार नव्हता, हे त्या दोघींनाही माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात दाजींनी तुती उपटून आलं लावलं. आलं उत्तम आलं. त्यांनी ते मयूरीला सांगितलं, पण सांगताना तिच्याकडे पाहिलं नाही. कांचन मयूरीशी पूर्वीसारखीच वागत होती. गेलं की भाकरी टाकायची, निघताना डब्यात काहीतरी भरून द्यायची. मयूरीला वाटायचं, हिने एकदा तरी शिव्या द्याव्यात. एका दुपारी तिने तसं बोलूनही दाखवलं.

"तुला शिव्या देऊन काय होईल?" कांचन म्हणाली. "तू काही मुद्दाम केलं नाहीस. पण मला करमत नाही गं. घरात खाण्याचा आवाज नाही."

दिवाळीनंतर मयूरी गेली तेव्हा कांचनने तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. आढ्याच्या कडीला दोरी बांधून बांबूची टोपली टांगली होती. दोरीला वंगण फासलं होतं, म्हणजे काही खाली उतरू नये की वर चढू नये. टोपलीत चाळीसेक अळ्या होत्या, करंगळीएवढ्या, पांढऱ्या.

"अंड्यांतून पिल्लं काढून देणारा तो चॉकीवाला, शेड बंद करायला निघाला होता," कांचन म्हणाली. "त्याच्याकडं अंड्यांचा एक कागद उरला होता, अर्धाअधिक वाळलेला. एवढेच निघाले. विहिरीपाशी तुतीचं एक झाड ठेवलंय मी. पान न्‌ पान पुसून घालते."

नियमाप्रमाणे मयूरीने ते त्याच दिवशी कळवायला हवं होतं. शिवाय पान पुसून उपयोग नाही, हेही तिला ठाऊक होतं. या चाळीस तोंडांनी कुरतडलेल्या पानांची हाक खिडकीतून बाहेर जात होती, खाली सारवलेली ओली जमीन होती, आणि जमिनीत ते होतेच. तरी तिने आठवड्याची रजा टाकली, सुती फडकं घेतलं आणि बहिणीशेजारी बसून पानं पुसायला लागली. पानाची वरची बाजू, खालची बाजू, मग देठ.

चौथ्या दिवशी पहिला किडा लाल झाला. कांचनने तो चिमट्याने उचलून चुलीत टाकला. मग रोज चार-पाच. तिने टोपली तीनदा बदलली, खोली दोनदा. शेवटी तीन किड्यांनी कोष केले. त्यातला एक आतून ओला होऊन तांबूस पडला. दुसऱ्यातून काहीच निघालं नाही. तिसऱ्याचं टोक तेराव्या दिवशी सकाळी ओलं झालं आणि त्यातून एक पतंग बाहेर आला. जाडजूड पोटाची मादी होती.

मयूरी सुट्टीच्या दिवशी आली तेव्हा मादी कागदावर बसून होती. पंख किंचित थरथरत होते. पोटाचं टोक तिने बाहेर काढून धरलं होतं, आणि त्यावर दोन पिवळसर गाठी चमकत होत्या.

"अशी काय बसलीय ही?" कांचनने विचारलं. "उडत नाही, हलत नाही."

"यांना उडता येत नाही. ती वास सोडतेय, नराला बोलवायला. नर लांबून येतो त्या वासावर."

कांचन मादीजवळ वाकली. मग म्हणाली, "एखादा नर मिळंल का गं कुठून?"

जिल्ह्यात किडा नव्हता, आणायला बंदी होती. मादी जगणार होती फार तर आठवडा. तरी मयूरीने अंगणात येऊन फोन लावला. कर्नाटकात, सीमेपलीकडे एका रेशीम बीजकेंद्रात रुद्रेश नावाचा अधिकारी होता. एका परिषदेत ओळख झालेली. आपण कायदा मोडायला सांगतोय हे लक्षात घेऊन ती आधी इकडचं-तिकडचं बोलली. मग ती मुद्द्यावर येणार, एवढ्यात तोच म्हणाला,

"बरं झालं मॅडम तुम्ही फोन केला. मीच करणार होतो. आमच्याकडे परवापासून एक विचित्र रोग आलाय. किडे विटकरी रंगाचे होतात. मऊ पडतात, पण सडत नाहीत. वास अजिबात नाही. तुम्ही तिकडे असं काही पाहिलंय का?"

इथून ते बीजकेंद्र तीनशे किलोमीटर होतं. कृमी कशातून गेले असतील, आल्याच्या बेण्याच्या पोत्यांतून, ट्रकच्या चाकांच्या मातीतून, की तिथेही कुणी विकत घेऊन सोडले, हे शोधत बसण्यात अर्थ नव्हता.

"पाहिलंय," ती म्हणाली.

"मग उपाय काय केला?"

तिने जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. चर खणू नका, खोटी हाक देऊ नका, एवढं दोनदा बजावून सांगितलं. तो लिहून घेत होता. शेवटी त्याने विचारलं, "आणि पुढे?" तेव्हा ती म्हणाली, "पुढचं मलाही माहीत नाही." नराचं तिने विचारलंच नाही.

आत कांचन कागदाशेजारी बसली होती. तिने मान वर करून पाहिलं.

"नाही मिळणार आक्का," मयूरी म्हणाली. "तिकडेही पोचलेत."

कांचनने मान हलवली. "दार लोटून घे," ती म्हणाली. "वारं लागतंय तिला."

मादी दोन दिवस तशीच बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिने नराशिवाय अंडी घातली, चारशेच्या आसपास, कागदावर ओळीने चिकटवलेली, मोहरीएवढी आणि पिवळी. फळलेलं अंडं दोन-तीन दिवसांत राखाडी पडतं. न फळलेलं पिवळंच राहतं आणि मग आत दबून सुकतं. अठरा वर्षं हे काम केलेल्या कांचनला ते कुणी सांगायची गरज नव्हती.

तरी तिने कागद उंदीर-मुंग्यांपासून जपून फडताळात ठेवला. तीन दिवसांनी सकाळी उठल्यावर चूल पेटवण्याआधी तिने तो काढला आणि दारातल्या उजेडात नेऊन नीट पाहिला. मग आदल्या रात्री आलेल्या मयूरीला दाखवायला आणला.

अंडी पिवळीच होती.